करसनदास मुळजी : जातीच्या मौनाविरुद्ध लढलेला संपादक

मुंबईच्या कपोळ वाणी कुटुंबात २५ जुलै १८३२ रोजी जन्मलेले करसनदास मुळजी वल्लभ संप्रदायातच वाढले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा निबंध लिहिल्याने त्यांना सांभाळणाऱ्यांचे घर सोडावे लागले. १८५५ मध्ये त्यांनी ‘सत्यप्रकाश’ हे गुजराती साप्ताहिक काढले.

२१ ऑक्टोबर १८६० च्या अंकात, संप्रदायाचे महाराज भाविकांच्या स्त्रियांचा उपभोग घेतात, असा उघड आरोप त्यांनी केला. जदुनाथजी महाराजांनी १८६१ मध्ये पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. तेव्हा भाटिया पुढाऱ्यांनी महाराजांविरुद्ध कोणी साक्ष द्यायची नाही, असे ठरवले. बहिष्काराच्या भयाने माणसे गप्पच बसली असती. परंतु करसनदासांनी हा कटच न्यायालयात नेला आणि पुढाऱ्यांना दंड झाला. मुख्य खटल्याइतकेच या छोट्या खटल्याचे मोल आहे.

१८६२ च्या सुनावणीत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या प्रतिष्ठित वैद्याने महाराजांच्या गुप्तरोगाविषयी साक्ष दिली. एप्रिलमध्ये निकाल लागला. वाद धर्मशास्त्राचा नसून नीतीचा आहे, अशी भूमिका न्या. अर्नोल्ड यांनी घेतली. महाराजांचा मुख्य दावा फेटाळला गेला आणि करसनदासांना खर्चापोटी साडेअकरा हजार रुपये मंजूर झाले.

पुढच्याच वर्षी ते व्यापारानिमित्त इंग्लंडला गेले. परतल्यावर, समुद्र ओलांडला म्हणून ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा संमत झाला तो २०१६ मध्ये.