पडद्यामागचा माणूस

ऑस्कर बार्नाकला दमा होता. एखाद्या यंत्रज्ञाची ओळख त्याच्या आजारापासून करून देणे बरे दिसत नाही, पण या गृहस्थाच्या बाबतीत दुसरीकडून सुरुवात करताच येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हौशी फोटोग्राफरला डोंगरावर जायचे तर पेटीएवढा कॅमेरा, 13 बाय 18 सेंटिमीटरच्या काचा, त्या ठेवायच्या चौकटी आणि तिपाई एवढा संसार अंगावर वागवावा लागे. थुरिंगियाच्या जंगलातले चढ चढताना बार्नाकला धाप लागे. दुसरा कोणी असता तर नाद सोडून घरी बसला असता. याने कॅमेराच लहान करायचे मनावर घेतले.

त्याचा जन्म 1 नोव्हेंबर 1879 चा, जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग प्रांतातल्या लिनो या खेड्यातला. शिक्षण म्हणजे बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्डे इथे एका उस्तादाच्या हाताखाली केलेली उमेदवारी. 1902 साली तो येनाच्या त्साइस कारखान्यात लागला आणि 1911 च्या जानेवारीत वेत्स्लार गावच्या अर्न्स्ट लाइत्स यांच्या कारखान्यात आला. लाइत्स यांचा धंदा सूक्ष्मदर्शकांचा. कॅमेऱ्याशी त्यांना तेव्हा काही कर्तव्य नव्हते. पण बार्नाकचा हात त्यांनी ओळखला आणि प्रयोगशाळेतले काम त्याच्याकडे सोपवले. आपल्या माणसाला नेमून दिलेल्या कामापलीकडचे काही करू देणारा मालक मिळणे हे त्या काळातही भाग्याचेच होते.

बार्नाकची मूळ कल्पना आता ऐकायला अगदी सोपी वाटते. सिनेमाची 35 मिलिमीटर रुंदीची फिल्म घ्यायची, सिनेमाच्या 18 बाय 24 मिलिमीटरच्या दोन चौकटी जोडून 24 बाय 36 ची एक करायची, तीवर लहानसे चित्र घ्यायचे आणि मग ते कागदावर मोठे करायचे. भार पाठीवरून उतरवून डार्करूममध्ये ठेवायचा, असा हा हिशेब. 1914 पर्यंत कोटाच्या खिशात मावेल असा धातूचा कॅमेरा त्याने तयार केला. त्या वसंतात धाकटे अर्न्स्ट लाइत्स त्यातला एक अमेरिकेला घेऊन गेले. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि सगळे जिथल्या तिथे राहिले. बार्नाक मात्र तो कॅमेरा वापरत राहिला. 1920 साली लान नदीचा पूर वेत्स्लारच्या गल्ल्यांत शिरला, तेव्हाची त्याने टिपलेली चित्रे आजही पाहायला मिळतात.

पण या कॅमेऱ्यात एक खोट होती, आणि ती शटरमध्ये होती.

शटर म्हणजे फिल्मच्या पुढ्यात रुळांवर गुंडाळलेले दोन कापडी पडदे. बटण दाबले की पहिला पडदा सरकतो आणि फिल्म उघडी पडते. त्याच्या मागोमाग दुसरा निघतो आणि ती झाकतो. दोघांमधली फट फिल्मवरून धावत जाते. सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा वेग लावला म्हणजे पडदे जोरात पळतात असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. पडद्यांची चाल तीच राहते, फट तेवढी अरुंद होते.

आता पुढच्या चित्रासाठी किल्ली फिरवली की हे पडदे पुन्हा मूळ जागी यायला हवेत. बार्नाकच्या पहिल्या कॅमेऱ्यात ते परत येताना मधली फट उघडीच राही आणि फिल्मवर दुसऱ्यांदा उजेड पडे. उपाय म्हणून त्याने लेन्सपुढे एक टोपी बसवली. किल्ली फिरवताना टोपी घालायची, चित्र घेताना काढायची. घालायची राहिली तर चित्र धुरकटले, काढायची राहिली तर चित्रच नाही. झटपट चित्र घेण्यासाठी जन्मलेल्या यंत्राच्या तोंडावर अशी झाकणी असणे म्हणजे धावणाऱ्याच्या पायात खडावा असण्यासारखेच.

1923 साली लाइत्स यांनी या कॅमेऱ्याचे दोनेक डझन नमुने काढले आणि जाणकारांच्या हाती दिले. त्यांतही टोपी होतीच.

इथे मला थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. बार्नाकच्या धर्तीवर बेतलेला, साठी केव्हाच उलटलेला एक कॅमेरा मी बॅंकेतून निवृत्त झाल्यावर घेतला. पाचशेच्या वेगावर काढलेल्या चित्रांची एक कड काळी येऊ लागली. स्प्रिंग थोडी आवळा म्हणजे झाले, असा सल्ला मिळाला. मी स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि आधी सगळ्या चित्रांची टाचणे करत बसलो. पडद्याला भोक पडले असते तर प्रत्येक चित्रात ठरावीक जागी पांढरा ठिपका आला असता. तो नव्हता. सावकाश वेगांवर चित्र स्वच्छ येत होते, म्हणजे दोष अरुंद फटीतच दिसत होता. पहिला पडदा रेंगाळत होता, दुसरा त्याला वाटेत गाठत होता आणि टोकाला पोचायच्या आतच फट मिटत होती. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. डिसेंबरातल्या सकाळी काळी कड रुंद असे, दुपारी उन्हात अरुंद. थंडीने स्प्रिंग दुबळी होत नाही; जुने वंगण मात्र घट्ट होते. एका वयस्क कारागिराने ते वंगण धुऊन काढले, सुईच्या टोकाने नवे लावले. स्प्रिंगला हातही न लावता कॅमेरा सुरळीत चालू लागला. ती आधीच आवळली असती तर काही महिने चित्रे बरी आली असती आणि आत पडदे झिजत राहिले असते.

बॅंकेत खाते जुळेना की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जायचा मोह प्रत्येकाला होतो. टोपी हे बार्नाकचे सस्पेन्स खाते होते. काम भागत होते, पण फरक मिटलेला नव्हता. त्याने तो मिटवला. पडदे परत येताना त्यांच्या कडा एकमेकींवर चढतील आणि बटण दाबल्यावरच विलग होतील अशी रचना त्याने केली. फट उरलीच नाही, म्हणून टोपीही उरली नाही.

हा कॅमेरा बाजारात आणायचा की नाही, याचा निर्णय 1924 च्या जूनमध्ये व्हायचा होता. काळ किती वाईट होता पाहा. आदल्या नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते. माझ्यासारख्या बॅंकवाल्याला तो आकडा नुसता लिहितानाही घाम फुटतो. बैठकीत शंका काढणारेच अधिक होते. चुकले असते तर कारखाना अडचणीत आला असता आणि कामगार रस्त्यावर आले असते. धाकट्या लाइत्सनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि कॅमेरा काढायचा असा निर्णय दिला. माझ्या नोकरीत मी कर्जाचे अनेक प्रस्ताव पाहिले. कागदावर हा प्रस्ताव नामंजूर होण्याच्याच लायकीचा होता. लाइत्सनी जमेला धरला तो माणूस, आणि तो रकाना कुठल्याच छापील अर्जात नसतो.

1925 च्या वसंतात लाइप्झिगच्या जत्रेत लायका हा कॅमेरा लोकांपुढे आला. लाइत्स आणि कॅमेरा ही दोन नावे जोडून केलेले हे नाव. त्यावर माक्स बेरेकने आखलेली लेन्स होती आणि आत बार्नाकचे मिटलेले पडदे. 1932 साली अंतर मोजण्याची सोय लेन्सला जोडली गेली, 1933 साली एक सेकंदापर्यंतचे सावकाश वेग आले. 16 जानेवारी 1936 रोजी बाड नाउहाइम इथे बार्नाक वारला. वय अवघे छप्पन्न. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर लायका घेऊन आपल्याकडे आला आणि 30 जानेवारी 1948 रोजी, हत्येच्या थोडाच वेळ आधी, गांधीजींना भेटला. त्यांच्या अंत्ययात्रेची त्याने घेतलेली चित्रे जगभर गेली. अशा गर्दीत पेटीएवढा कॅमेरा काय कामाचा होता?

2022 च्या जूनमध्ये वेत्स्लारला एका लिलावात बार्नाकचा स्वतःचा कॅमेरा विकला गेला. 1923 च्या त्या नमुन्यांपैकी 105 क्रमांकाचा, त्याचे नाव कोरलेला. किंमत आली 1 कोटी 44 लाख युरो. एवढी रक्कम ज्याला मिळाली तो कॅमेरा टोपीवाला, म्हणजे सदोष होता. मला त्यात काही वावगे वाटत नाही. याच कॅमेऱ्याने चित्रे घेताना बार्नाकने ती टोपी किती वेळा काढली आणि घातली असेल! त्याच वर्षी कंपनीने एम 6 हा आपला जुना फिल्म कॅमेरा पुन्हा बाजारात आणला. त्याच्या आत अजूनही दोन कापडी पडदे आहेत, आणि किल्ली फिरवली की ते एकमेकांना घट्ट धरूनच मागे येतात.