रेव्ह. ग्रिफिथ जोन्स व त्यांच्या फिरत्या शाळा

वेल्स देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर ताव नदीच्या मुखाशीं लार्न नांवाचें जुनें गांव आहे. तेथून कांहीं मैलांवर लानदौरर हें खेडें लागतें. या परिसरांत राहून ज्यांनीं आपल्या देशबांधवांस अक्षरओळख करून दिली, त्या रेव्ह. ग्रिफिथ जोन्स यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म १६८४ च्या सुमारास झाला. बालपणीं ते मेंढरें राखीत. पुढें कार्मार्थन येथें विद्याभ्यास करून १७०८ सालीं त्यांनीं धर्मदीक्षा घेतली व लार्न येथें सेवा केली. १७१३ च्या सुमारास हिंदुस्थानांतील तरंगंबाडी येथें मिशनरी म्हणून जाण्याविषयीं त्यांस विचारण्यांत आलें होतें. परंतु स्वदेशांतील अज्ञान पाहून ते तेथेंच राहिले. १७१६ सालीं ते लानदौररचे रेक्टर झाले.

उपदेशास लोकांची गर्दी होई, पण श्रोत्यांपैकीं बहुतेकांस वाचतां येत नसे. गरिबांस वर्षभर शाळेंत जाण्यास सवड कोठून असणार? तेव्हां शाळेनेंच त्यांच्याकडे जावें, अशी योजना जोन्स यांनीं १७३१ च्या सुमारास आरंभिली. शेतीचीं कामें मंदावलीं कीं शिक्षक गांवांत येई, सुमारें तीन महिने पवित्र शास्त्र वाचावयास शिकवी व पुढील गांवीं जाई. दिवसा न येणाऱ्या मजुरांकरितां रात्रीं वर्ग भरत. कित्येक वृद्धही मुलांशेजारीं बसून अक्षरें गिरवीत.

शिक्षण वेल्श भाषेंतून दिलें जाई. इंग्रजी शिकवावी, असा कित्येकांचा आग्रह होता. परंतु परभाषा येईपर्यंत पिढ्या अज्ञानांतच मरतील, हें जोन्स यांनीं ओळखलें. कांहीं धर्मगुरूंनीं त्यांची निंदा केली, दम्यानें शरीर पोखरलें. तरी कार्य थांबलें नाहीं. लार्नच्या ब्रिजेट बेव्हनबाईंनीं त्यांस सढळ हातानें साहाय्य केलें. त्यांच्याच घरीं १७६१ सालीं जोन्स यांचा अंत झाला. तोंवर ३,००० हून अधिक शाळा भरल्या होत्या.

बेव्हनबाईंनीं पुढें अठरा वर्षें हें काम चालविलें व मृत्युपत्रानें शाळांस १०,००० पौंड ठेविले. परंतु १७७९ सालीं त्या वारल्यावर मृत्युपत्राविषयीं वाद माजला, रक्कम तीस वर्षें कोर्टांत अडकली व शाळा बंद पडल्या. मात्र जे वाचावयास शिकले होते, त्यांची विद्या कोणत्याही कोर्टास अडकवितां आली नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांस शाळा घराजवळ लाभली आहे. ज्यांस ती लाभली नाहीं, अशा एखाद्या शेजाऱ्यास सुटींत मुळाक्षरें शिकविलीं, तर या थोर पुरुषाचें चरित्र वाचल्याचें सार्थक होईल, असें आम्हांस वाटतें.