मादाम मेनका : खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर नृत्यशाळा उभारणाऱ्या कलावती

बोरघाटाच्या माथ्यावरील खंडाळा हे गाव थंड हवेसाठी प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र तेथे काही वर्षे सकाळपासून घुंगरांचा आणि तबल्याच्या बोलांचा नाद घुमत असे. मुले-मुली वर्षानुवर्षे एका जागी राहून शास्त्रीय नृत्य शिकतील अशी ‘नृत्यालयम्’ ही शाळा तेथे मादाम मेनका यांनी १९४१ मध्ये सुरू केली होती.

मेनका हे त्यांचे रंगमंचावरील नाव. त्यांचा जन्म १८९९ मध्ये लीला रॉय या नावाने बंगालमधील बारिसाल येथील सधन कुटुंबात झाला. वडील प्यारेलाल रॉय बॅरिस्टर होते. शिक्षणाचा काही काळ इंग्लंडमध्ये गेला. बालपणी त्या व्हायोलिन शिकल्या. नृत्याचा मार्ग त्यांना पुष्कळ उशिरा गवसला. त्यांचे बंधू इंद्रलाल रॉय पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून लढताना जुलै १९१८ मध्ये फ्रान्सच्या आकाशात धारातीर्थी पडले. डॉ. साहिबसिंग सोखी यांच्याशी विवाह झाल्यानंतर मुंबई ही लीलाबाईंची कर्मभूमी झाली. डॉ. सोखी पुढे परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले.

प्रतिष्ठित घरातील विवाहित स्त्रीने कथक शिकावे, ही गोष्ट त्या काळी समाजाला रुचणारी नव्हती. नृत्य म्हटले की कोठा किंवा मैफल एवढेच चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे येई. अशा वातावरणात रशियन बॅले नर्तिका अ‍ॅना पावलोवा यांची मुंबईत झालेली भेट त्यांना बळ देणारी ठरली. उदयशंकर आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनाही स्वदेशीच्या नृत्यपरंपरेकडे वळवण्यात याच परदेशी कलावतीचा वाटा होता, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल. मेनका यांनी पंडित सीताराम प्रसाद, अच्छन महाराज आणि लच्छू महाराज यांच्याकडे कथकची तालीम घेतली; मणिपुरी आणि कथकली या शैलींचाही अभ्यास केला.

कथक हे मूलतः एकट्याने सादर करण्याचे नृत्य. मेनका यांनी त्याला समूहनृत्याचे आणि कथानकाचे रूप दिले. ‘कृष्णलीला’, ‘देवविजय नृत्य’ आणि ‘मेनका लास्यम्’ ही त्यांची नृत्यनाट्ये त्यातून साकारली. त्यांच्या संचात लखनौ परंपरेचे रामनारायण मिश्र होते, जयपूर घराण्याचे गौरीशंकर होते आणि सरोदवादक सखावत हुसेन खाँ यांच्यासारखे वादकही होते. दोन घराण्यांचे नर्तक एका रचनेत एकत्र आणणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. १९३६ मध्ये हा संच युरोपला गेला. त्याच वर्षी बर्लिन येथे ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्याने पारितोषिके पटकावली. १९३८ पर्यंत विविध देशांत त्याचे शेकडो प्रयोग झाले.

पुढे महायुद्धाने परदेशाची दारे बंद केली. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रम्’वर त्यांनी नृत्यनाट्य रचले. त्या नाटकात दोन नृत्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, याचा निवाडा त्यांच्या शिष्यांच्या कलेवरून करावा असे ठरते. मेनका यांच्या पुढील आयुष्याकडे पाहता ही निवड अगदी समर्पक वाटते. कारण आता त्यांचे सारे लक्ष शिष्यांवर केंद्रित झाले होते. खंडाळ्याच्या शाळेत कथकसह निरनिराळ्या शैलींचे शिक्षण गुरूंच्या सहवासात मिळे. मुंबईच्या पारशी कुटुंबातील शिरीन वजीफदार तेथेच कथक शिकल्या आणि समाजाचा विरोध सोसून त्यांनी ती विद्या आपल्या बहिणींपर्यंत पोहोचवली.

मेनका यांच्या सर्वांत निकटच्या शिष्या मात्र एक मराठी कन्या होत्या. दमयंती जोशी यांचा जन्म १९२८ मध्ये मुंबईत झाला. स्वतःचे अपत्य गमावलेल्या मेनका यांना ही मुलगी दत्तक घ्यावयाची होती; परंतु तिच्या आई वत्सला जोशी लेकीला सोडण्यास तयार झाल्या नाहीत. अखेर दोघींनी मिळून तिचा सांभाळ करावा असे ठरले. आईलाही सोखी दांपत्याने आपल्याकडे काम दिले आणि मुलीच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. सीताराम प्रसाद यांच्याकडे तिची तालीम सुरू झाली आणि अजाण वयातच ती संचाबरोबर रंगमंचावर वावरू लागली.

शाळेला दीर्घायुष्य लाभले नाही. मेनका यांची प्रकृती ढासळत गेली आणि ३० मे १९४७ रोजी, स्वातंत्र्यप्राप्तीला अवघे अडीच महिने उरले असताना, वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे दमयंती जोशी यांनी शिक्षण थांबवले नाही. लखनौच्या महाराजांबरोबरच जयपूर घराण्याच्या हिरालाल यांच्याकडेही त्या शिकल्या आणि एकल नर्तिका म्हणून देशोदेशी गेल्या. १९६८ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, तर १९७० मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. पुढे मेनका यांचे चरित्र लिहिले तेही त्यांनीच.