नैनसिंह रावत

नैनसिंह रावत (२१ ऑक्टोबर, १८३० – १ फेब्रुवारी, १८८२) हे एकोणिसाव्या शतकातील भारतीय सर्वेक्षक आणि हिमालय व तिबेटचे संशोधक होते. परकीयांना प्रवेशबंदी असलेल्या तिबेटमध्ये वेषांतर करून त्यांनी हजारो मैलांचा पायी प्रवास केला आणि पावले मोजून त्या प्रदेशाचे मोजमाप घेतले. ल्हासा शहराचे अक्षांश व समुद्रसपाटीपासूनची उंची त्यांच्या निरीक्षणांमुळे निश्चित करता आली. सर्वेक्षण खात्याच्या कागदपत्रांत त्यांचे नाव गुप्त ठेवले जात असे. ‘पंडित’ या सांकेतिक नावानेच त्यांचा उल्लेख होई. पुढे अशा सर्व भारतीय सर्वेक्षकांना ‘पंडित’ हेच नाव पडले.

प्रारंभिक जीवन

नैनसिंह यांचा जन्म कुमाऊँमधील जोहार खोऱ्यात, मिलम गावच्या परिवारात झाला. गोरीगंगेच्या उगमाजवळचे हे गाव सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. त्यांच्या वडिलांचे नाव अमरसिंह असे होते. जोहारचे भोटिया लोक उन्हाळ्यात खिंडी ओलांडून तिबेटमध्ये व्यापारासाठी जात. धान्य, कापड यांच्या बदल्यात ते मीठ, लोकर व टाकणखार आणीत. नैनसिंहही वडिलांबरोबर या वाटांनी गेले. त्यामुळे तिबेटी भाषा, तेथील चालीरीती आणि विरळ हवेत दीर्घकाळ चालण्याची सवय या तिन्ही गोष्टी त्यांना लहानपणापासून मिळाल्या.

१८५५ ते १८५७ या काळात जर्मन संशोधक श्लागिंटवाइट बंधूंच्या हिमालय मोहिमेत त्यांनी काम केले. या मोहिमेत ते मानसरोवर परिसरात व लडाखमध्ये गेले. शास्त्रीय उपकरणांशी त्यांचा पहिला परिचय येथेच झाला. त्यानंतर ते मिलम येथील शाळेत शिक्षक होते. ‘पंडित’ या उपाधीचा उगम त्यांच्या या पेशात आहे.

पार्श्वभूमी

भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला १८०२ मध्ये मद्रासजवळ प्रारंभ झाला. त्याचे संस्थापक विल्यम लॅम्ब्टन यांचा मृत्यू १८२३ मध्ये आजच्या महाराष्ट्रातील हिंगणघाट येथे काम चालू असतानाच झाला. पुढील चार दशकांत हे सर्वेक्षण हिमालयापर्यंत पोहोचले. परंतु हिमालयापलीकडचा तिबेट नकाशावर बहुतांशी कोराच राहिला. चीनच्या चिंग सम्राटांच्या धोरणानुसार तेथे परकीयांना प्रवेश नव्हता. रशियाचा मध्य आशियातील विस्तार लक्षात घेता ब्रिटिश शासनाला या प्रदेशाची माहिती हवी होती. मात्र तेथे युरोपीय अधिकारी पाठवणे धोक्याचे होते.

या अडचणीवर कॅप्टन थॉमस जॉर्ज माँटगोमेरी यांनी असा मार्ग सुचवला की, ज्यांना व्यापारी वा यात्रेकरू म्हणून सीमेपलीकडे जाता येते अशा भारतीयांनाच सर्वेक्षण शिकवावे. त्यानुसार प्रथम मोहम्मद-ए-हमीद या मुनशीला यारकंदला पाठवण्यात आले. परतीच्या वाटेवर त्याचा मृत्यू झाला, तथापि त्याच्या नोंदी हाती आल्या व योजना व्यवहार्य असल्याचे दिसून आले. १८६३ मध्ये नैनसिंह व त्यांचे चुलतभाऊ मानीसिंह यांची या कामासाठी निवड झाली.

प्रशिक्षण व पूर्वतयारी

डेहराडून येथील सर्वेक्षण कार्यालयात नैनसिंह यांनी प्रशिक्षण घेतले. सेक्स्टंट व होकायंत्र वापरणे, तारे ओळखणे आणि त्यांच्या उन्नतांशावरून अक्षांश काढणे या गोष्टी त्यांना शिकवण्यात आल्या. उंची मोजण्यासाठी पाण्याचा उत्कलनबिंदू वापरला जाई. उंची वाढते तसा हवेचा दाब घटतो व पाणी कमी तापमानाला उकळते. दर ३०० मीटरमागे हा फरक साधारण १ अंश सेल्सिअस असतो. त्यामुळे चहाचे आधण ठेवणाऱ्या प्रवाशाला कोणाच्याही मनात शंका न येऊ देता उंची मोजता येत असे.

अंतरमापनासाठी साखळी वापरणे अशक्य होते. म्हणून नैनसिंह यांनी आपल्या पावलालाच मापाचे रूप दिले. चढ असो, उतार असो वा सपाटी, प्रत्येक पाऊल साधारण साडेएकतीस इंचांचे पडावे असा सराव त्यांनी केला. अशी सुमारे २,००० पावले म्हणजे एक मैल. बौद्ध जपमाळेत १०८ मणी असतात. त्यांच्या माळेत मात्र १०० मणी ठेवले होते. दर शंभर पावलांना एक मणी ओढला जाई. माळेचा एक फेरा पूर्ण झाला की १०,००० पावले, म्हणजेच सुमारे पाच मैल, अंतर कापलेले असे.

इतर साहित्यही यात्रेकरूच्या सामानात लपवण्यात आले. प्रार्थनाचक्राच्या पोकळीत मंत्रांऐवजी नोंदींच्या चिठ्ठ्या असत. तापमापक काठीत, तर सेक्स्टंट पेटीच्या चोरकप्प्यात असे. ताऱ्यांचे वेध घेताना कृत्रिम क्षितिजासाठी लागणारा पारा कवड्यांत भरून मेणाने बंद केलेला असे आणि वेळ येताच लाकडी वाडग्यात ओतला जाई. जप करणाऱ्या यात्रेकरूला मध्येच कोणी बोलावत नसल्याने मोजणीत खंड पडण्याचे प्रसंगही कमी येत.

ल्हासाची पहिली मोहीम (१८६५–६६)

कुमाऊँमार्गे तिबेटमध्ये जाण्याचा पहिला प्रयत्न निष्फळ ठरला. त्यामुळे नेपाळमार्गे जाण्याचे ठरले आणि मार्च १८६५ मध्ये दोघे काठमांडूला पोहोचले. पुढे सीमेवरील अधिकाऱ्यांनी त्यांना संशयावरून परत पाठवले. त्यानंतर दोघे वेगळे झाले. मानीसिंह पश्चिम नेपाळमार्गे परतले. नैनसिंह यांनी वेष बदलून पुन्हा प्रयत्न केला. वाटेत एका व्यापाऱ्याने त्यांचे पैसे बुडवले, तरी सप्टेंबरमध्ये ते त्सांगपो नदीच्या खोऱ्यातील तादुम येथे पोहोचले आणि तेथून एका तांड्याबरोबर पूर्वेकडे निघाले.

ऑक्टोबरच्या अखेरीस ते शिगात्से येथे आले. तेथील ताशिल्हुन्पो मठात त्यांना इतर यात्रेकरूंबरोबर पांचेन लामांच्या दर्शनास जावे लागले. लामा माणसाच्या मनातील गोष्ट ओळखतात असा समज असल्याने हा प्रसंग त्यांना कठीण वाटला होता. पैसे संपत आल्यावर त्यांनी नेपाळी व्यापाऱ्यांना हिंदुस्थानी पद्धतीने हिशेब ठेवण्यास शिकवून निर्वाह केला.

जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोहोचले व सुमारे तीन महिने तेथे राहिले. या मुक्कामात त्यांनी सूर्य व ताऱ्यांचे अनेक वेध घेतले, उत्कलनबिंदूची निरीक्षणे केली आणि शहराचे वर्णन नोंदवले. दोन काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यांचे खरे रूप ओळखले. परंतु त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, उलट घड्याळ गहाण ठेवून घेऊन पैसे दिले. परवानगीशिवाय शहरात आलेल्या एका चिनी माणसाचा उघड्यावर शिरच्छेद झालेला नैनसिंह यांनी पाहिला. सीमेवर ज्याने त्यांना अडवले होते तो अधिकारीही ल्हासात दिसल्याने त्यांनी राहण्याची जागा बदलली. एप्रिलमध्ये त्यांनी ल्हासा सोडले व त्सांगपोच्या काठाने मानसरोवरापर्यंत मोजणी करत ते परतले. २७ ऑक्टोबर १८६६ रोजी ते डेहराडूनला पोहोचले. या मोहिमेत सुमारे १,२०० मैलांच्या मार्गाचे मापन झाले होते, म्हणजे जवळजवळ २५ लाख पावले मोजली गेली होती.

पुढील मोहिमा

१८६७ मध्ये नैनसिंह, मानीसिंह व कल्याणसिंह यांनी माणा खिंडीतून पश्चिम तिबेटमध्ये प्रवेश केला आणि ठोक जालुंग येथील सोन्याच्या खाणींची माहिती आणली. सुमारे ५,००० मीटर उंचीवरील या पठारावर वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून खाणकामगार जमिनीत खड्डे करून त्यांत तंबू ठोकीत. थंडी कडाक्याची असूनही तेथे हिवाळ्यात अधिक माणसे असत, कारण गोठलेली माती ढासळत नसे.

१८७३ मध्ये ते फोर्सिथ यांच्या यारकंद शिष्टमंडळाबरोबर होते. जुलै १८७४ मध्ये लेहहून त्यांची अखेरची मोठी मोहीम निघाली. या वेळी त्यांनी लामाचा वेष घेतला होता. सामान मेंढ्यांच्या पाठीवर लादले होते. वाटेत चरत जाणाऱ्या मेंढ्यांसाठी चारा वाहून न्यावा लागत नसे. उत्तरेकडील सरोवरांच्या निर्मनुष्य प्रदेशातून ते नोव्हेंबरमध्ये ल्हासाला पोहोचले. ओळख उघड होण्याची भीती निर्माण झाल्याने त्यांनी तेथे दोनच दिवस मुक्काम केला. तत्पूर्वीच्या निरीक्षणांच्या नोंदी दोन साथीदारांबरोबर लेहला पाठवून ते स्वतः आसामच्या दिशेने निघाले. तवांग येथे त्यांना सुमारे दोन महिने अडकून पडावे लागले. १ मार्च १८७५ रोजी ते उदलगुडी येथे ब्रिटिश हद्दीत आले.

उत्तरायुष्य व सन्मान

सततच्या प्रवासामुळे व वेध घेण्याच्या कामामुळे नैनसिंह यांची प्रकृती व दृष्टी खालावली. यानंतर त्यांनी नव्या सर्वेक्षकांना प्रशिक्षण दिले. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. पॅरिसच्या भूगोल संस्थेनेही त्यांचा गौरव केला. ब्रिटिश शासनाने त्यांना सी.आय.ई. हा किताब व रोहिलखंडात जमीन दिली. १८८२ मध्ये त्यांचे निधन झाले. काही जुन्या ग्रंथांत मृत्यूचे वर्ष १८९५ असे आढळते. २७ जून २००४ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मूल्यमापन

नैनसिंह यांच्या मोजणीमुळे त्सांगपो नदीच्या प्रवाहाचा मोठा भाग प्रथमच नकाशावर आला. ही नदी म्हणजेच ब्रह्मपुत्रा आहे, या तर्काला त्यामुळे बळ मिळाले. पुढील पंडितांनी, विशेषतः त्यांचे नातलग किसनसिंह यांनी, हेच काम पुढे नेले.

या कार्याला दुसरी बाजूही आहे. तिबेटी शासनाच्या दृष्टीने ही हेरगिरी होती. १८८० च्या दशकात शरच्चंद्र दास यांची ल्हासाभेट उघडकीस आल्यावर त्यांना मदत करणाऱ्या तिबेटी लोकांना कठोर शिक्षा झाल्या. सेंगचेन लामांना प्राण गमवावे लागले. १९०४ मध्ये ब्रिटिश सैन्य ल्हासात शिरले, तेव्हा त्या प्रदेशाविषयीचे ज्ञान पंडितांच्या कामावर उभे होते.

१९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर तिबेटशी होणारा व्यापार थांबला आणि मिलम गाव बहुतांशी ओस पडले. आज मुनस्यारीहून मिलम हिमनदीकडे जाणारे पदभ्रमणकर्ते गोरीगंगेच्या काठाने, जोहारी व्यापाऱ्यांच्या त्याच जुन्या वाटेने जातात.