धुराचा हिशेब मांडणारे पिगू
आर्थर सेसिल पिगू यांचा जन्म १८७७ साली इंग्लंडमध्ये झाला. १९०८ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, ते केंब्रिजला अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. गिर्यारोहणाचा त्यांना भारी छंद! पहिल्या महायुद्धात सुट्ट्यांमध्ये ते आघाडीवर रुग्णवाहिका चालवीत.

१९२० च्या ग्रंथात त्यांनी दाखवले की, कारखान्याच्या धुराने शेजाऱ्यांचे कपडे मळतात, घरे काळवंडतात. तो खर्च मालकाच्या वहीत चढतच नाही. अशा नुकसानीवर सरकारने कर बसवावा, हा त्यांचा विचार. कर मात्र धुरावर हवा, मालावर नव्हे, असे आम्हांला वाटते; तरच धूर कमी करण्यात मालकाचा फायदा.

पिगू १९५९ मध्ये वारले. स्वीडनने १९९२ पासून मोठ्या बॉयलरांच्या नायट्रोजन ऑक्साइडांवर आकार बसवला. जमलेली रक्कम ऊर्जेच्या उत्पादनाप्रमाणे कारखान्यांनाच परत मिळे. भट्ट्या भराभर सुधारल्या.