सर अ‍ॅलिस्टर हार्डी : समुद्राची खातेवही

बांगडा मिळाला का, भाव काय, ही चौकशी आपल्या गोव्यात रोजचीच. पण मासे ज्यांवर जगतात त्या प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची, वर्षानुवर्षे नोंद ठेवायची सोय ज्यांनी केली, त्या शास्त्रज्ञाचे नाव फारसे कानावर येत नाही. म्हणून हा अल्प परिचय.

अ‍ॅलिस्टर हार्डी यांचा जन्म १० फेब्रुवारी १८९६ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. पहिल्या महायुद्धात सैन्यात सेवा करून त्यांनी ऑक्सफर्डला प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. १९२१ मध्ये लोस्टॉफ्टच्या सरकारी मत्स्य प्रयोगशाळेत रुजू होऊन त्यांनी हेरिंग माशाच्या खाद्याचा अभ्यास केला. प्लवक समुद्रात सारखे पसरलेले नसतात. कुठे दाट, तर कुठे विरळ. एकाच जागी जाळे टाकून खरा अंदाज येत नाही, ही अडचण त्यांच्या लक्षात आली.

१९२५ ते १९२७ या काळात ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून ते अंटार्क्टिक मोहिमेवर गेले आणि तिथे त्यांनी आपले यंत्र वापरून पाहिले. जहाजामागे ते ओढायचे. पाण्याच्या जोराने पंखा फिरतो, रेशमी जाळीची पट्टी पुढे सरकते, प्लवक तिच्यात अडकतात आणि पट्टी फॉर्मॅलिनमध्ये गुंडाळली जाते. जहाज थांबवायला नको, शास्त्रज्ञ सोबत नको. त्यामुळे मालवाहू जहाजेही हे काम करू शकली.

१९२८ मध्ये ते हल येथे प्राध्यापक झाले आणि १९३१ मध्ये तिथून उत्तर समुद्राची नियमित पाहणी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात ती थांबली, नंतर पुन्हा सुरू होऊन अटलांटिकभर पसरली. हार्डी पुढे अ‍ॅबर्डीन व ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. १९५७ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर काही वर्षांतच सरकारी पैसा आटून पाहणी बंद पडायची वेळ आली. १९९० मध्ये हार्डींच्या नावाने प्रतिष्ठान स्थापून ती वाचवली गेली. ती वाचली म्हणूनच पुढे कळले की समुद्र तापल्याने उबदार पाण्यातले प्लवक सुमारे चाळीस वर्षांत दहा अंश अक्षांश उत्तरेकडे सरकले आणि उत्तर समुद्रात कॉड माशाच्या पिल्लांचे खाद्य घटले. १९६० च्या दशकापासून जपलेल्या पट्ट्यांत प्लास्टिकचे सूक्ष्म कणही सापडले. हार्डींनी पाहणी सुरू केली तेव्हा हे प्रश्न कुणाच्या मनातही नव्हते.

आम्ही आयुष्यभर बँकेत खाती सांभाळली. आजच्या शिलकीवरून खातेदाराची स्थिती कळत नाही, त्यासाठी मागच्या नोंदी लागतात. बँकेत राहिलेली नोंद व्हाउचरवरून भरता येते. समुद्राचे गेलेले वर्ष पुन्हा मोजता येत नाही. मासेमारी बंदी किती दिवस ठेवावी, जाळ्याचा आस केवढा असावा, हे ठरवायला अशाच सलग नोंदी लागतात. आपल्या दोना पावल्याला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. समुद्राच्या मोजमापावर पैसा कशाला, असे कुणी विचारले, तर हार्डींची ही हकिगत जरूर सांगावी.