बुक्करायांचा निवाडा

विजयनगर म्हटले की आम्हां वारकऱ्यांना भानुदास महाराज आठवतात. पांडुरंग तेथून पंढरीस परत आणल्याची कथा कीर्तनात कोणी ऐकली नाही? त्या कथेतल्या कृष्णदेवरायाच्या आधी सुमारे दीडशे वर्षे बुक्कराय होऊन गेले. त्यांचे चरित्र आज पाहू.

संगमाचे हे पुत्र. थोरले बंधू हरिहर यांच्यासह त्यांनी राज्य उभारले आणि १३५६ ते १३७७ स्वतः चालविले. बहामनी सुलतानाशी लढाया झाल्या, पुत्र कंपण मदुरेपर्यंत गेला, सायणाचार्यांच्या वेदभाष्यास आश्रय मिळाला. हे पुष्कळांस ठाऊक आहे. आम्हांस सांगायचे ते निराळेच.

शके १२९०, म्हणजे १३६८ साली जैन मंडळी रायांकडे गाऱ्हाणे घेऊन आली. कोणाविरुद्ध? श्रीवैष्णवांविरुद्ध! विष्णुभक्तच अन्याय करतात म्हणून. वाचकहो, हे सांगताना जीभ अडखळते खरी. पण श्रवणबेळगोळच्या शिळेवर कोरलेले आम्ही झाकून काय होणार?

रायांचे दैवत विरूपाक्ष. त्यांनी श्रीरंगम, तिरुपती, कांची, मेलकोटे येथील आचार्यांसह अठरा नाडांतले श्रीवैष्णव जमविले आणि जैनांचा हात त्यांच्या हाती दिला. दोन्ही दर्शनांत भेद नाही, पंचमहावाद्ये व कलश हा जैनांचा मान पूर्वीसारखाच चालेल, त्यांची हानी ती वैष्णवांनी आपलीच मानावी, असे ठरले. हे शासन राज्यातल्या बसद्यांतून वैष्णवांनीच लावायचे होते.

पण हातात हात देणे सोपे हो! सभा उठली, माणसे गावी गेली, की जुनी कुरकुर पुन्हा सुरू. रायांनी हे जाणले. जैनांच्या घरटी वर्षाला एक हण, म्हणजे लहानसे नाणे, घ्यावे. त्यातून बेळगोळच्या देवाला वीस राखणदार ठेवावे. उरेल त्यातून पडक्या बसद्या दुरुस्त करून चुना द्यावा. नेमणूक कोणी करायची? तिरुमलेच्या तातय्यांनी, म्हणजे वैष्णवाने! राखणीचा पैसा जैनांनीच का द्यावा, हे आम्हांला अजून पटत नाही. परंतु ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्यांच्याच माथी राखण घातली, ही त्यातली खुबी. मोडील तो राजद्रोही आणि संघाचाही द्रोही.

तरी एवढ्याने भागले नाही. बुसुवि शेट्टी नावाच्या जैन गृहस्थास पुढे तातय्यांना बोलावून तेच शासन पुन्हा नवे करवून घ्यावे लागले. तेव्हा दोन्ही समाजांनी मिळून त्याला संघनायक केले.

१६३८ साली हळेबीडच्या पार्श्वनाथ बसदीत, या खेपेस वीरशैवांशी, तंटा झाला. खांबांवर कोणी लिंग उमटविले, जैनाने ते पुसले. आधी विभूती आणि विडा अर्पण व्हावा, मग जैनांनी आपली पूजा करावी, असे ठरवून तो मिटला. तेव्हा विजयनगर शहर उद्ध्वस्त होऊन सत्तरांवर वर्षे लोटली होती. निवाडा द्यायला राय नव्हते. तिथल्या वडीलधाऱ्यांनीच बसून तो केला.